पहिली रोड बाईक घेताय? ब्रँड नंतर बघा, आधी दाते मोजा

दिवाळीचा बोनस हातात आला की कुणी ना कुणी विचारतंच, "रोड बाईक घ्यायचीय, पंचवीस हजार आहेत, कुठली घेऊ?" एखादं नाव सांगून टाकलं की विचारणारा खूश होतो, पण मी हल्ली नाव सांगतच नाही, मी उलट विचारतो की पन्हाळ्याला जायचंय का. कारण कोल्हापुरात रोड बाईक घेतलेला माणूस आधी रंकाळ्याला चार फेऱ्या मारतो, मग फुलेवाडीवरून बालिंगा, कळे करून येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पन्हाळ्याच्या वाटेला लागतोच. अंतर वीसेक किलोमीटर, पण गड खालच्या सपाटीपासून चारशे मीटर वर आहे आणि तो चढ जवळजवळ सगळा शेवटच्या टप्प्यात येतोय. सायकल कशी घेतलीय हे तिथं कळतं.

माझी पहिली सायकल नवी होती, दिसायला लई देखणी, चौदा गिअर, ड्रॉप हँडल (खाली वळलेलं), अलॉय फ्रेम. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाकला तरी पायडल खाली जाईना, उभं राहून रेटलं, गुडघे भरून आले आणि शेवटी उतरून ढकलत नेली. मला वाटलं आपल्यातच दम नाही. दोन महिने मी चढाकडं फिरकलोच नाही. मग लक्ष्मीपुरीच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री मामा बसायचे त्यांच्याकडं ब्रेकची वायर बदलायला गेलो, त्यांनी खिशातनं खडू काढला, पुढच्या लहान चक्राच्या एका दात्यावर खूण केली आणि बोटानं मोजत गेले. बेचाळीस. मागचं सगळ्यात मोठं मोजलं, अठ्ठावीस. म्हणाले, "बाळा, पाय चांगलंच हाईत तुझं, गिअर चढाचा न्हाई ह्यो." त्या दिवसापासून कुठलीही सायकल बघायला गेलो की मी आधी दाते मोजतो. हे सगळं लिहायला बसलोय ते त्यासाठीच, कारण कमी बजेटमध्ये पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही हे दुकानात कुणी सांगत नाही.

आधी पैसे वेगळे काढा

हातात २५ हजार असतील तर सायकल २० ची बघायची, पाच बाजूला ठेवायचे. हे पाच हजार नंतर कुठनं तरी करू असं म्हणू नका, कारण हेल्मेट, पुढची-मागची लाईट, पंप, दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर काढायच्या पट्ट्या आणि ॲलन कीचा सेट हे पहिल्याच आठवड्यात लागतंय. हेल्मेटच्या आत ईएन १०७८ असा शिक्का असला तर ते सायकलच्या हेल्मेटच्या चाचणीतनं गेलेलं आहे. पॅडिंगची चड्डी एक तरी घ्या आणि ती अंगालगत घालायची असते, आत दुसरं काही घालायचं नाही, नाहीतर शिवणी घासून पन्नास किलोमीटरला हाल होतात. क्लीटचे, म्हणजे पायडलला अडकणारे शूज, सायकलिंगची जर्सी, मोबाईलला जोडायचा मीटर, यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही.

आणि बजेट दहा-बारा हजारच असेल तर मनापासून सांगतो, ड्रॉप हँडलचा हट्ट सोडा. त्या पैशात नवी रोड बाईक म्हणून जे मिळतं त्यात हँडल तेवढं रोडचं असतं. सरळ हँडलची, पुढं शॉकअप नसलेली, ७००सी, म्हणजे रोड बाईकच्याच मापाच्या चाकांची साधी हायब्रिड घ्या, ती जास्त पळेल. शॉकअप स्वस्तातला असला की तो वजन वाढवतो आणि चढाला उभं राहिलात की तुमचा जोर खातो, बाकी काही करत नाही. जाड ओतीव मॅगव्हीलवाल्या चमकत्या सायकली रोड बाईक म्हणून दाखवतात त्यांच्या तर वाटेला जाऊच नका, चाक एकदा वाकलं की त्याला आऊट काढायला स्पोकच नसतात.

साईज, घरी बसूनच काढायची

हे काम दुकानात जायच्या आधी करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून घट्ट वर दाबायचं, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं, आणि पुस्तकाची वरची कड भिंतीला लागते तिथं घरच्या कुणाला तरी पेन्सिलनं खूण करायला सांगायचं. जमिनीपासून खुणेपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजायचं, याला इनसीम म्हणतात. त्याला ०.६७ नं गुणलं की फ्रेमची साधारण साईज निघते आणि ०.८८३ नं गुणलं की सीटची उंची, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) ज्या मधल्या बोल्टवर फिरतो तिथंपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. समजा इनसीम ७८ आलं तर फ्रेम ५२ च्या आसपास आणि सीट ६९ सेंटीमीटरवर. आजकाल वरची नळी मागं उतरती असते त्यामुळं फ्रेमवर लिहिलेला आकडा थोडा इकडं-तिकडं होतो, म्हणून आकड्यावर थांबायचं नाही, बसून बघायचं. टाच पायडलवर ठेवून पायडल पार खाली नेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे, आणि हात ब्रेकच्या रबरी मुठींवर ठेवल्यावर कोपर जरा वाकलेलं राहिलं पाहिजे. कोपर ताठ होत असेल, खांदे कानाकडं जात असतील तर सायकल मोठी आहे.

इथं एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "मोठी असली म्हणून काय झालं, सीट खाली करून देतो की." सीट खाली केल्यानं फक्त उंची जमते, हँडल लांब आहे ते लांबच राहतं, आणि महिनाभरात मान, मनगट, करंगळीला मुंग्या सुरू होतात. दोन साईजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान सायकलला सीटची नळी वर काढता येते, स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) एक-दोन सेंटीमीटर लांब टाकता येतो, मोठ्या सायकलला कापून लहान करता येत नाही. दहा हजारांनी स्वस्त मिळतीय म्हणून चुकीच्या साईजची घेतलेली सायकल बाल्कनीत पडून राहते, मी अशा तीन तरी बघितल्यात.

आता दाते

पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, एवढंच गणित. पुढं ४२, मागं २८ म्हणजे दीड, म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक दीड वेळा फिरतं. ७००सी चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, तर एका फेऱ्यात तुम्हाला सव्वातीन मीटरच्या थोडी आत एवढी सायकल वर ओढायचीय. आता पुढं ३४ आणि मागं ३२ असेल तर तोच आकडा येतो १.०६, म्हणजे एका फेऱ्यात सव्वादोन मीटर. चढाला नवखा माणूस ताशी आठ किलोमीटरनं जातोय असं धरा, तर पहिल्या सायकलवर त्याचे पाय मिनिटाला ४२ फेरे मारतायत आणि दुसऱ्यावर ६०. मिनिटाला चाळीस म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर, साठला तोच चढ श्वासावर येतो, आणि श्वास सवयीनं वाढतो हो, गुडघा नाही वाढत.

म्हणून कोल्हापुरात घ्यायची असेल तर सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढचं लहान चक्र भागिले मागचं सगळ्यात मोठं, १.२५ च्या खाली पाहिजे, १.१ च्या आसपास असेल तर उत्तम. पुढं ५०/३४ चा, म्हणजे मोठं चक्र ५० दात्यांचं आणि लहान ३४ चं, असा क्रँक असतो त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, तो शोधा. ५२/४२ वाली सायकल दिसली आणि बाकी सगळं आवडलं असेल तर एक स्वस्त तोड आहे, मी माझ्या सायकलला तीच केली, मागच्या सात चक्रांचा १४ ते २८ दात्यांचा गठ्ठा (फ्रीव्हील) काढून १४-३४ चा टाकायचा. मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरनं दुसऱ्यावर टाकणारा भाग, लांब पिंजऱ्याचं असेल तरच तो बसतो, सोबत चेनही लांब लागते, पण ४२ भागिले ३४ म्हणजे १.२४ होतं आणि चढ निघतो. त्यानंतर महिन्याभरातच मी न उतरता पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत गेलो, सायकल तीच, पाय तेच.

एकूण गिअर किती हे मात्र विसरा. २१ गिअर, २४ गिअर हे आकडे विकायला बरे असतात, रस्त्यावर कामाला येतो तो सगळ्यात हलका आणि त्याच्या पुढचे चार-पाच.

गिअर बदलायचं बटण कुठं आहे

शिमानोच्या रोड गिअरच्या पायऱ्या खालून वर टुर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशा. क्लॅरिस मागं आठ गिअरचं, सोरा नऊचं, टियाग्रा दहाचं. टाईट बजेटमध्ये क्लॅरिस मिळालं तर आणखी वर बघायची गरज नाही, आणि आठ गिअरची चेन आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा गठ्ठा) स्वस्तही पडते आणि टिकतेही. पण नावापेक्षा मी एक गोष्ट जास्त मानतो, गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्येच आहे का. स्वस्त सायकलींना गिअरचे खटके हँडलच्या मधोमध नाहीतर खालच्या नळीवर असतात, म्हणजे गिअर बदलायला एक हात हँडलवरनं काढायचा. सपाट रिकाम्या रस्त्याला चालतं, पण हंगाम सुरू झाला की गगनबावडा रोडला, कागलकडं, कुठंही जावा, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर समोरनं येतात, रस्त्यावर पाचट आणि उसाचे तुकडे पडलेले असतात, त्यात तुम्ही एका हातानं सायकल सांभाळत खटका शोधताय. नवख्या माणसाला हे धोक्याचं आहे. चार-पाच हजार जास्त गेले तरी लिव्हरमध्येच गिअर असलेली घ्या, नाहीतर त्याच पैशात जुनी घ्या.

चाक आणि हब

फ्रेम अलॉय की स्टील यावर लोक तासभर बोलतात, मला त्यात फार दम वाटत नाही. साधी अलॉय फ्रेम चांगली, पुढचा फोर्क कार्बनचा मिळाला तर हाताला धक्का कमी, नाही मिळाला तरी चालतंय. जुनी पूर्ण कार्बन फ्रेम स्वस्तात मिळतीय म्हणून मात्र नवख्यानं घेऊ नये, आतली चीर वरनं दिसत नाही.

खरा फरक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात आहे. दोन प्रकार, फ्रीव्हील आणि कॅसेट. फ्रीव्हीलमध्ये दात्यांचा सगळा गठ्ठा हबवर आट्यांनी घट्ट बसतो आणि उजव्या बाजूचं बेअरिंग त्या गठ्ठ्याच्या अलीकडं, चाकाच्या मध्याकडं राहतं, त्यामुळं ॲक्सलचा टोकाकडचा बराच भाग आधाराशिवाय असतो. खड्ड्यात जोरात आपटलं की तो वाकतो, कधी मोडतोही. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार कडेला असतं म्हणून तो दणका सहन होतो. माझा ॲक्सल बालिंग्याच्या अलीकडं पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेला, चाक एका बाजूला झुकून ब्रेकला घासायला लागलं आणि तिथनं सायकल टेम्पोत टाकून आणावी लागली. ओळखायचं सोपं आहे. मागची चक्रं हातानं उलटी फिरवा आणि मधोमध पान्याच्या खाचा दिसतात तिकडं बघा, खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. वजन ऐंशीच्या वर असेल किंवा रोज खराब रस्त्यावरनं जायचं असेल तर कॅसेटच बघा.

टायर २८ मिलिमीटर रुंदीचा बसतो का ते विचारा, ३२ बसला तर आणखी छान. २३ चे बारीक टायर आपल्याकडच्या रस्त्यावर उगाच त्रास देतात. आणखी एक, रोड बाईकच्या ट्यूबला बऱ्याचदा बारीक लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पंक्चरवाल्याकडं त्याचं नोझल बसत नाही, त्यासाठी एक छोटी पितळी टोपी मिळते, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे, एक चाकावर आणि एक पाकिटात कायम ठेवा. हवा भरायच्या आधी व्हॉल्व्हच्या टोकाची इवलीशी चकती सैल करायची, हे पंक्चरवाल्याला तुम्हीच सांगा.

ब्रेकचं थोडक्यात, रिम ब्रेक स्वस्त, हलका, कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो. वायरीचा डिस्क पावसात जास्त बरा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर रोज चालवणार असाल तर डिस्कला थोडे जास्त घाला, नाहीतर चांगला रिम ब्रेक पुरतो.

जुनी बघायला जाताना

वीस हजारांत नवी घ्याल त्यापेक्षा एक पायरी वरची जुनी मिळते, आणि मी तरी ओळखीच्यांना जुनीच सुचवतो. सोबत उद्यमनगरात मिळते तसली स्टीलची एक फुटी पट्टी घ्या, टॉर्च घ्या, ॲलन की घ्या. उजेडात जावा, संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाईटखाली कुठलीही सायकल चांगली दिसते.

पहिल्यांदा चेन. वरच्या बाजूची चेन जरा ताणून धरा, एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. नवी चेन असेल तर पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचाच्या रेघेवर येते. १/१६ इंच पुढं गेली असेल तर चेन बदलायला आलीय, १/८ गेली असेल तर चेनबरोबर मागची कॅसेटही गेली असं धरा आणि तो खर्च किमतीतनं वजा करा. पट्टी लावून दाखवली की विकणारा वाद घालत नाही, हे मी प्रत्येक वेळी बघितलंय.

मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवा, हँडलच्या मुळात टकटक लागली तर हेडसेट ढिला आहे. क्रँक धरून आत-बाहेर ढकला, हलला तर मधलं बेअरिंग गेलंय. दोन्ही अजून दुरुस्त होणारी कामं आहेत. रिम ब्रेक असेल तर रिमच्या बाजूवरनं बोट फिरवा, आत खोलगट लागलं तर रिम झिजून पातळ झालीय, ती चाकं बदलावी लागतील. सीटची नळी सैल करून वर-खाली करून बघा. घामानं, पावसानं ती फ्रेममध्ये जाम बसलेली असते आणि मग साईज योग्य असूनही सीट तुमच्या उंचीला येत नाही. मागं उभं राहून बघा, डिरेलरची दोन्ही चाकं मागच्या दात्यांच्या बरोबर रेषेत खाली लोंबली पाहिजेत, आत वाकली असतील तर सायकल उजव्या अंगावर पडलीय.

टॉर्च मात्र खालच्या नळीसाठी. हँडलखाली जिथं ती नळी जोडलीय तिथं खालच्या बाजूनं नीट बघा, रंगाला आडवी सुरकुती किंवा फुगवटा असेल तर समोरनं धडक बसलीय. ती सायकल कितीही कमी करून दिली तरी घ्यायची नाही.

बिल मागा, आणि क्रँकखाली कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी जुळतो का बघा. किंमत बोलताना हे लक्षात असू द्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळं विकणारा त्याच्या जुन्या बिलावरनं भाव काढत असेल तर त्याला आजचा नवीचा भाव दाखवा आणि तिथनं खाली या. शेवटी चालवून बघायची, आणि ती गल्लीत नव्हे. शहरातच असाल तर टेंबलाईच्या टेकडीला घेऊन जावा, चढाला बसून सगळ्यात हलका गिअर टाका, चेन घसरते का, करकर येते का ऐका, उतरताना दोन्ही ब्रेक लावून बघा.

पुण्याला जुन्या सायकली जास्त निघतात, तिकडनं आणायची असेल तर ट्रॅव्हल्सच्या डिकीत येते. पुढचं चाक काढा, पायडल काढा (डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं), आणि डिरेलरची बाजू वर ठेवून आडवी घाला. त्यावर कुणाची बॅग येऊ देऊ नका, तिथं उभं राहून सांगा.

घरी आल्यावर

इनसीमवरनं काढलेल्या उंचीला सीट लावा आणि नळी फ्रेममध्ये शिरते तिथं इलेक्ट्रिकची टेप एक वेढा गुंडाळा, म्हणजे कधी काढली, कुणी चालवायला नेली तरी परत तिथंच येते. हवा २८ च्या टायरला पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला पंचाहत्तर-ऐंशी पीएसआयच्या आसपास, पावसात पाच-दहा कमी. नव्या वायरी पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोड्या सैल पडतात, गिअर मागंपुढं उड्या मारायला लागले म्हणजे सायकल बिघडली असं नाही, डिरेलरच्या मागचा गोल बॅरल अर्धा फेरा बाहेर काढायचा, पुरे होतंय. त्याच वेळी स्टेमचे, सीटचे आणि क्रँकचे बोल्ट एकदा ॲलन कीनं तपासून घ्या.

पहिले दोन आठवडे पहाटे सहाला निघून फुलेवाडी-बालिंगा-कळे आणि परत, हलक्या गिअरवर, पाय भराभर फिरवायची सवय करत. येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबा. तिसऱ्या आठवड्यात वाघबीळ, आणि तिथं पायथ्यालाच, चढ सुरू व्हायच्या आधी, पुढचं लहान चक्र टाकून ठेवा, कारण अंगावर चढ आल्यावर जोर लावत पुढचा गिअर खाली टाकायला गेलं की चेन उतरतीय.